अर्धं चित्र म्हणजे किती?

प्रश्न : माझी मुलगी चित्रालेखातली चित्रं मोजते आणि तोच आकडा उत्तर म्हणून लिहिते. अर्धं चित्र आलं की अडूनच बसते. काय करावं?

उत्तर : ती मोजते बरोबर, पण प्रमाण वाचत नाही. १ चित्र = १० सायकली असेल, तर साडेचार चित्रं म्हणजे ४५ सायकली. आधी प्रमाणावर बोट ठेवायला लावा, मग चित्रांकडे वळा. ‘सोमवारपेक्षा मंगळवारी किती जास्त?’ असं विचारलं, तर दोन्ही आकडे काढायचीही गरज नसते. दीड चित्र जास्त दिसतंय ना, मग १५.

अर्ध्या चित्राची भीती घालवायला तिलाच चित्रालेख काढू द्या. घरातल्या पुस्तकांचा चालेल. १ चित्र = ५ पुस्तकं असं प्रमाण घेतलं की अर्ध्या चित्राला अडीच पुस्तकं येतात! मग ती आपणहून ४ किंवा १० घेईल. पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

मात्र सगळी चित्रं एकाच मापाची हवीत. दुप्पट संख्येसाठी चित्राची उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर ते चौपट जागा व्यापतं आणि डोळा फसतो. म्हणूनच व्हिएन्नात १९२५ साली संग्रहालय काढणाऱ्या ऑटो नॉयराट यांनी चित्र मोठं न करता तेच पुन्हा पुन्हा मांडण्याची पद्धत रूढ केली.