खिळा त्याच उंचीवर

अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे घोकवून घेणाऱ्या मनुष्याने, मूल म्हणजे काय ते आपणांस पुरते कळले आहे, असा समज करून घ्यावा, यात अस्वाभाविक काही नाही; परंतु तो समज किती तकलादू होता, हे त्याला साठीच्या घरात, सेवानिवृत्तीचे कागद पेटीत घालून झाल्यावर आणि स्वतःच्याच ओसरीवर कळावे, ही माझ्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. ती सांगताना माझी लाज झाकली जाणार नाही. पण वसमत, कळमनुरी, सेनगावच्या वाड्यातांड्यांवर माझ्या ओसरीवरच्या मुलासारखे मूल सांभाळणारी आजी किंवा मामी आज ज्या चुका करीत असेल, त्या सर्व मी अगोदर करून ठेविल्या असल्यामुळे माझे दप्तर तिच्यासमोर उघडणे मला प्राप्त आहे.

माझी नेमणूक झाली 1968 साली. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता; स्वतंत्र जिल्हा होण्यास 1 मे 1999 हा दिवस उजाडावा लागला. माझ्या चुलतभावाची मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. अक्षर टपोरे, गणितात चपळ. पुढे तिचे लग्न झाले आणि दिवाळी सरली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवऱ्याबरोबर ती साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडावर जाऊ लागली. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते, इतके ते काम आहे. 2006 सालच्या हंगामात ती पोटुशी असतानाच फडावर गेली, तेथल्या झोपडीत, कोपीतच, बाळंत झाली, आणि पुढल्या हंगामात तापाचे निमित्त होऊन वारली. नवरा तेथूनच कोठे निघून गेला, त्याचा ठाव लागला नाही. दीड वर्षाचे, परंतु सात-आठ महिन्यांएवढे दिसणारे ते पोर आमच्या मंडळींनी पदराखाली घेतले. घरात सर्वांत लहान म्हणून त्याला आम्ही ‘धाकटा’ म्हणू लागलो.

तो उशिरा चालला, उशिरा बोलला. पण बोलू लागला तेव्हा इतका गोड आणि अखंड बोलू लागला की त्याच्या बुद्धीविषयी कोणास शंका येईना. येणारा-जाणारा त्याच्याशी दोन घटका बोलून ‘पोरगं हुशार आहे, गुरुजी’ म्हणून जाई आणि मी सुखावत असे. ही पहिली फसगत. त्याची जीभ वयाच्या पुढे होती आणि समज वयाच्या फार मागे, आणि या दोहोंमधले अंतर ज्याने ओळखले नाही तो माझ्यासारखाच छडीपाशी जाऊन पोहोचतो.

तो सात वर्षांचा असताना चुलीतल्या लाकडाला हात लावून भाजून बसला. फोड आले, रडला, आणि ‘चूल भाजते’ हे शिकला. त्यानंतर चुलीजवळ तो कधी गेला नाही. पंधराच दिवसांनी आमच्या शेतात हळदीची शिजवणी होती. चाकांवरचा कुकर आला होता, ढोलांतून वाफ फुसफुसत होती, गडी पोती ओतीत होते, आणि मी त्याला तीनदा बजावले होते : ‘हे गरम आहे, लांब राहा.’ ‘हो आबा,’ तो म्हणाला, आणि माझेच वाक्य माझ्याच हेलात त्याने मला म्हणून दाखविले. मी पाठ वळविली नाही तोच त्याने उजवा तळवा सरळ ढोलाच्या पत्र्यावर टेकविला. मी धावलो, हात पाण्यात बुडविला, आणि तो बुडालेला असतानाच दुसऱ्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली; कारण सांगूनही ऐकत नाही, ही उघड बेपर्वाई आहे, असे माझ्या अडतीस वर्षांच्या अनुभवाने मला तत्क्षणी सांगितले. चूल भाजते हे त्याला ठाऊक होते. तो ढोल चूल नव्हता, इतकेच. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी उचलून नेण्याचे जे काम आपले डोके आपल्या नकळत करते, ते त्याच्या डोक्यात होत नाही, हे मला कळायला आणखी दोन वर्षे लागली.

मधल्या काळात घुंगुरमाळेचे प्रकरण झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गोठ्यातली माळ त्याने घरी आणली. विचारले तर म्हणाला, ‘तात्यांनी दिली.’ तात्या स्वतः माळ शोधीत आले तेव्हा म्हणाला, ‘रस्त्यावर सापडली.’ चोरी आणि वर लबाडी! मी निरगुडीची छडी काढली. संध्याकाळी तो माझ्याच मांडीवर येऊन बसला आणि रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात त्याने विचारले, ‘आबा, तुम्ही मला का मारलं?’ दुसऱ्या दिवशी तीच माळ, तोच गोठा. प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न मी जन्मभर घातला. हा पोरगा आपल्या स्मृतीतल्या रिकाम्या जागा हाती लागेल त्या शब्दाने भरीत होता आणि मी त्याला खोटारडा ठरवीत होतो.

देवऋषी झाला, अंगारे झाले, शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा तीन वर्षे सारख्याच शाईत आला. एका दवाखान्यात ‘वयात आला की सुधारेल’ असेही सांगण्यात आले. शेवटी 2016 साली, तो नऊ वर्षांचा असताना, नांदेडच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या डोक्याचा घेर घेतला, पारदर्शक पट्टी लावून डोळ्यांच्या फटी मोजल्या, पातळ वरचा ओठ आणि नाकाखालची सपाट, पन्हळ नसलेली जागा न्याहाळली आणि मला बाहेर नेऊन हळूच विचारले, ‘गुरुजी, पोटात असताना आईच्या घेण्यात दारू होती का?’

मी ताडकन ‘नाही’ म्हणालो. आमच्याकडे बायका पीत नाहीत, हे आम्ही पुरुष फार ठासून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही महाराष्ट्रातल्या दारू पिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली दिसते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण सासू दाराशी उभी असताना या प्रश्नाला होकार देणारी सून मी अद्याप पाहिली नाही. तिच्याच टोळीतल्या तिच्या जावेने पुढे डोळे पुसत सांगितले : पहाटे तीनला फडात उतरायचे, दिवसभर मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री अंग ठणकून झोप येत नसे, मग नवऱ्याच्या बाटलीतली थोडी, पुढे रोजची. कोणी सांगितलेच नव्हते की ती लेकराला लागते.

येथे मी माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. हे कळल्यावर मी गप्प बसलो नाही. पारावर, सोयऱ्याधायऱ्यांत, ‘तिनेच पोराचे वाटोळे केले’ असे बोललो. आणि त्याचा परिणाम असा झाला की त्या मुलीची आई, जी दर महिन्याला नातवाला भेटायला येई, तिने आमचा उंबरठा चढणे सोडले. मेलेल्या लेकीवर मी फिर्याद लावली होती आणि शिक्षा जिवंत नातवाला झाली. म्हणून विनवणी अशी की हा प्रश्न विचारायचा तो एकांतात, एकदाच, डॉक्टरांच्या उपयोगापुरता विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर ते कोठेही वाटू नये. बापाच्या पिण्याने घरात उपास आणि मारझोड येते हे खरे. परंतु हा विशिष्ट आजार आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भाला पोहोचलेल्या मद्याचा आहे, आणि म्हणूनच त्याचा सारा ठपका ज्या बाईपाशी जातो, तिच्या हातात ती बाटली कोणत्या परिस्थितीने दिली हे विसरणे सोपे जाते.

शास्त्र थोडक्यात असे आहे. मद्य वार सहज ओलांडते, गर्भाचे यकृत ते पचविण्याइतके तयार झालेले नसते, आणि ते तेथे रेंगाळते. चेहऱ्यावरच्या खुणा गर्भाच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत, बहुधा आईला दिवस गेल्याची जाणीव होण्याच्याही आधी, ठरून जातात; मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो, त्यामुळे चेहरा निर्दोष आणि मेंदू जायबंदी अशीच मुले संख्येने अधिक. ‘इतकी चालते’ असे सुरक्षित प्रमाण कोणालाही ठरविता आलेले नाही. ज्या 1968 साली मी हातात खडू घेतला, त्याच साली फ्रान्समधल्या नांत शहरी पॉल लमॉइन यांनी मद्यपी पालकांच्या 127 मुलांची लक्षणे प्रसिद्ध केली. 1973 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्यास ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. म्हणजे माझ्या साऱ्या नोकरीभर ही माहिती जगात होती, आणि माझ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर अशी किती मुले बसून गेली याचा हिशेब मी आता कोणत्या हजेरीपटावरून काढू? त्याहून खजील करणारी गोष्ट अशी की चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नित्य मद्य घेणाऱ्या गर्भिणीचे अपत्य अल्प स्मृतीचे आणि अस्थिर चित्ताचे होते असे स्पष्ट म्हटले आहे. तो ग्रंथ माझ्या वडिलांच्या फडताळात होता. दसऱ्याला आम्ही त्यास हळदकुंकू वाहत असू.

या दुखण्यावर औषध नाही. गेलेले परत येत नाही. पण घर बदलता येते. सिएटलच्याच अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांनी चारशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून 1996 साली दाखविले की स्थिर घर आणि सहा वर्षांच्या आत झालेले निदान या दोन गोष्टी मिळालेल्या मुलांची पुढली परवड पुष्कळ कमी होते. आम्ही तीन वर्षे चुकलो होतो. जे उरले होते ते केले. आमच्या मंडळी, ज्यांनी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, त्यांनी हे माझ्याआधी उमजून घेतले. ‘तो ऐकत नाही असं म्हणू नका, त्याला येत नाही असं म्हणा,’ त्या म्हणाल्या, आणि छडी बंबात घातली.

मग आम्ही भिंतीवर चित्रे लावली : दात घासणे, आंघोळ, दशमी, दप्तर, शाळा. क्रम कधी मोडायचा नाही, अगदी दिवाळीलाही नाही. एका वेळी एकच काम सांगायचे, तेही चार शब्दांत. ‘कळलं का?’ असे विचारायचे नाही, कारण तो ‘हो’च म्हणतो, करून दाखवायला सांगायचे. ‘का केलंस?’ हा प्रश्न घरातून हद्दपार केला, कारण त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते आणि नसलेले उत्तर तो बनवितो. तांब्याची, चपलांची, दप्तराची जागा ठरलेली. लग्नाच्या वरातीतला डीजे त्याला सोसत नाही, तेव्हा आम्ही अक्षता टाकून परततो; सोयऱ्यांचा रुसवा पत्करला. वय विचारलेत तर त्याचे दोन हिशेब आहेत : मिसरूड फुटली तेव्हा पैशाच्या आणि घड्याळाच्या बाबतीत तो सहा वर्षांचा होता, आणि राखण सहा वर्षांच्या मुलाचीच ठेवावी लागते. कालचे आज विसरतो, परवा पुन्हा आठवतो; तो आळस नव्हे. शिकविलेलेच शंभर वेळा शिकवायचे. मास्तरकीचा एवढाच उपयोग झाला.

राखण ढिली पडली की काय होते तेही सांगतो. पंधराव्या वर्षी कोणी तरी गोड बोलून त्याच्या हाती एक पिशवी दिली आणि पलीकडच्या वाडीवर पोहोचवायला सांगितले. आत देशी दारूच्या बाटल्या होत्या. ज्या वस्तूने त्याला जन्माआधी गाठले होते, तीच घेऊन तो रस्त्याने गाणे म्हणत चालला होता. रस्त्यात पोलीस अंमलदारांनी अडविले; सुदैवाने ते समजूतदार निघाले. ही मुले कोणाच्याही शब्दावर चालतात; फूस लावणाऱ्याला ती शोधावी लागत नाहीत.

कचेरीचे काम चिवटपणाने करावे. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. हा आजार त्यात नावाने नाही. पहिल्या खेपेस बुद्ध्यंक सत्तरच्या थोडा वर भरला म्हणून आमचा अर्ज परतला. परंतु बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बुद्धीबरोबर नित्य व्यवहारही मोजायचा असतो : आंघोळ, रस्ता, पैसा, ओळखीअनोळखीचा विवेक. ती चाचणी करा असा अर्जात स्पष्ट उल्लेख करावा. तिसऱ्या खेपेस आम्हांला दाखला मिळाला. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्यांना ‘पोरगं हूड आहे’ असे न सांगता काय होते ते तारखेनिशी वहीत लिहून दाखवावे. मुलाला अठरा वर्षे पुरी होताच पालकत्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे तो मांडता येतो.

आमच्यापुढे तो प्रश्न आता उभा आहे. माझे वय सत्त्याहत्तर. आमच्यामागे धाकट्याला माझा भाचा हिंगोलीस नेणार आहे. तो आणि त्याची बायको दोघेही राजी आहेत. पण ढोलाची आठवण मी विसरलेलो नाही. या घरात आलेले त्याला त्या घरात येईलच असे नाही. म्हणून गेल्या संक्रांतीपासून महिन्यातले दहा दिवस धाकटा तेथे राहतो. भाच्याच्या स्वयंपाकघरात तीच चित्रे, त्याच क्रमाने लावली आहेत. चपलांची फळी दाराच्या त्याच बाजूला ठेविली आहे. खिळे मी स्वतः ठोकले, घरून सुतळीला गाठ मारून माप नेले होते. भाच्याच्या भिंतीवर ते माप धरताना सुतळीचे दुसरे टोक धाकट्यानेच पकडले होते, आणि गाठ जमिनीला टेकेपर्यंत तो मला हात हलवू देईना.