गर्भावस्थेत व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी: चेन्नईतील मराठी भगिनींसाठी माहिती

परदेशात कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्या व्यक्तीस त्या देशाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. असे डॉक्टर चेन्नईत उपलब्ध आहेत. तपासणीची तारीख हाती येते आणि त्याच सुमारास दिवस गेल्याचे कळते, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘सांगूच नका, उगाच व्हिसा अडकेल.’ दुसरा, ‘एक्स-रे मुळीच काढू नका, बाळाला अपाय होईल.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांतला पहिला अधिक घातक आहे.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्या आरोग्यविषयक निकषांत गर्भावस्था हे स्थलांतराचा व्हिसा नाकारण्याचे कारण नाही. आखाती देशांतील नोकरीसाठी होणाऱ्या तपासणीचे निकष निराळे आहेत. तेथे जाणाऱ्या भगिनींनी तपासणी केंद्राकडे आधीच चौकशी करावी. इतरांनी मात्र वेळ ठरवतानाच आपण गर्भवती असल्याचे सांगावे. ही माहिती न दिल्यास डॉक्टर आपल्यासमोर जे पर्याय ठेवू शकतात, ते आपणच गमावून बसतो.

मुख्य प्रश्न छातीच्या क्ष-किरण तपासणीचा असतो. ही तपासणी क्षयरोग शोधण्यासाठी केली जाते. अमेरिकेसाठी ती 15 वर्षांपासून पुढे, तर कॅनडा व ऑस्ट्रेलियासाठी 11 वर्षांपासून पुढे आवश्यक असते. छातीच्या एका एक्स-रेमुळे गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सार 0.01 मिलिग्रेपेक्षाही कमी असतो. गर्भावस्थेच्या नऊ महिन्यांत माती, हवा व आकाशातून गर्भाला मिळणारा नैसर्गिक किरणोत्सार याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे 1 मिलिग्रेच्या आसपास असतो. गर्भाला अपाय झाल्याचे 50 मिलिग्रेच्या खाली आढळलेले नाही. किरणे छातीवरच केंद्रित असल्यामुळे पोटावरील शिशाच्या आच्छादनाने पडणारा फरक अत्यल्प असतो, असे आता तज्ज्ञ मानतात. तरीही व्हिसाच्या तपासणीत ते देण्याची पद्धत आहे. आपण ते मागून घ्यावे.

एवढे असले तरी एक्स-रे काढण्याची सक्ती आपल्यावर कोणी करू शकत नाही. अमेरिकेच्या तपासणीत गर्भवतीची संमती घेऊन व पोटावर आच्छादन ठेवून एक्स-रे काढला जातो, किंवा तो प्रसूतीनंतरवर ठेवता येतो. कॅनडा व ऑस्ट्रेलियाच्या तपासणीतही तो प्रसूतीनंतर काढण्याची मुभा आहे. मात्र तोपर्यंत अर्जाचा निर्णय थांबून राहतो. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला जाणाऱ्यांना तिसराही मार्ग आहे: एक्स-रेऐवजी बेडक्याची तपासणी. तिच्या कल्चरचा निकाल येण्यास आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. ब्रिटनचे क्षयरोगमुक्ततेचे प्रमाणपत्र सहा महिने, तर कॅनडाची तपासणी बारा महिने ग्राह्य असते. प्रसूतीची अपेक्षित तारीख, विमान कंपनीची मर्यादा (एकच गर्भ असल्यास बहुधा 36 आठवडे) आणि ही मुदत, या तिन्हींचा हिशेब कॅलेंडर समोर ठेवूनच करावा. प्रवासाआधी बाळ जन्मल्यास त्याचा पासपोर्ट आणि अर्जातील नोंद हे नवे काम उभे राहते, हेही त्या हिशेबात धरावे.

एक्स-रे पुढे ढकलता येतो. क्षयरोगाचे निदान पुढे ढकलता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, गर्भावस्थेतही वजन न वाढणे, किंवा घरात अलीकडे कोणाला क्षयरोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास व्हिसाच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. उपचारांविना राहिलेल्या क्षयरोगामुळे अकाली प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो, आणि जन्मानंतर आईपासून बाळाला संसर्ग होऊ शकतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही नेहमीची औषधे गर्भावस्थेत दिली जातात, सोबत पायरिडॉक्सिन. बाळाच्या श्रवणशक्तीस अपाय करणारे स्ट्रेप्टोमायसिन टाळले जाते. उपचार सहा महिन्यांचे असल्याने प्रवास लांबतो, हे खरे.

निदान झाले म्हणजे घर सोडून कोठेतरी दूर राहावे लागेल, ही भीती अजूनही अनेकींच्या मनात असते. तिचे उत्तर याच शहरात मिळाले आहे. चेतपेट येथे 1956 मध्ये सुरू झालेल्या केंद्राने (आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) काही रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये, तर काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच उपचार केले. घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण सॅनेटोरियमच्या तोडीचे निघाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक संसर्गही झाला नाही. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील उपचारपद्धती बदलली.

लसींबाबत सावध राहावे. अमेरिकेच्या व्हिसासाठी 1996 च्या कायद्यान्वये ठराविक लसी आवश्यक आहेत. त्यांपैकी गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी गर्भावस्थेत घ्यायच्या नसतात. डॉक्टर ‘सध्या वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ अशी नोंद करतात आणि केवळ त्या कारणाने व्हिसा अडत नाही. गर्भधारणा लपवणे घातक का, हे येथे सर्वांत स्पष्ट दिसते. ज्यांना अजून दिवस गेलेले नाहीत त्यांनी या लसी आधी घेऊन नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी.

एचआयव्ही चाचणीपूर्वी आपली माहितीपूर्ण संमती घेणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. शारीरिक तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिकेची उपस्थिती मागावी. त्यात संकोच नसावा. गर्भाचे वय ठरवण्यासाठी सोनोग्राफीचा अहवाल नेता येईल, परंतु त्या निमित्ताने गर्भलिंगाची विचारणा करणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

तपासणीस जाताना पासपोर्ट, माता-बाल संरक्षण पत्रिका, लसीकरणाच्या जुन्या नोंदी, चालू औषधांची चिठ्ठी आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख नमूद केलेले स्त्रीरोगतज्ज्ञांचे पत्र सोबत ठेवावे. तमिळनाडूत गर्भवतीची शासकीय नोंदणी करून मिळणारा क्रमांक पुढे बाळाच्या जन्मदाखल्यासाठी लागतो. प्रसूती माहेरी होणार असली तरी ही नोंदणी चुकवू नये. क्षयरोगाविषयी शंका असल्यास 1800-11-6666 या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी.