सहावी फेक : भालाफेकीचे गतिशास्त्र

१९८३ च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे मैदानी खेळांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. भालाफेक हा फिन लोकांच्या विशेष जिव्हाळ्याचा खेळ. स्त्रियांचा जागतिक विक्रमही त्या वेळी त्यांच्याच टीना लिल्लाक हिच्या नावे होता. परंतु अंतिम सामन्यात ब्रिटनच्या फातिमा व्हिटब्रेड हिने पहिल्याच फेकीत ६९.१४ मीटर अंतर गाठले, आणि पाच फेऱ्या संपल्या तरी ते कोणास ओलांडता आले नाही. लिल्लाकची सहावी, म्हणजे अखेरची, फेक तेवढी उरली होती. तिचा भाला ७०.८२ मीटरांवर उतरला. यजमान देशास त्या स्पर्धेत मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होय.

पुढे चाळीस वर्षांनी, २०२३ साली, बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत याच प्रसंगाची जणू पुनरावृत्ती झाली. कोलंबियाची फ्लोर डेनिस रुइझ पहिल्या फेकीपासून ६५.४७ मीटरांनी आघाडीवर होती. जपानच्या हारुका कितागुची हिने सहाव्या फेकीत ६६.७३ मीटर अंतर नोंदवून सुवर्णपदक मिळविले. ऑस्ट्रेलियाची मॅकेन्झी लिटल ६३.३८ मीटरांनी तिसरी आली.

पहिल्या दोघींच्या फेकींत अंतर पडले ते १.२६ मीटरांचे. हे सव्वा मीटर कोठून येते, हे पाहण्यासारखे आहे. प्रेक्षक त्याचे श्रेय जिद्दीस देतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हातातून सुटलेल्या भाल्यास जिद्द ठाऊक नसते. तो सुटतेवेळी त्याचा वेग किती होता, कोन कोणता होता, त्याचे टोक कोठे रोखलेले होते आणि वारा कसा वाहत होता, एवढ्यावरच त्याची गती ठरते.

यांपैकी वेगाचे महत्त्व सर्वांत अधिक. फेकलेल्या वस्तूचे अंतर स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अव्वल दर्जाच्या स्त्री खेळाडूच्या हातून भाला सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटतो. ६५.४७ वरून ६६.७३ वर जाण्यास, इतर सर्व गोष्टी समान असता, या वेगात शेकडा एकाहूनही किंचित कमी वाढ पुरते. ताशी ९० किलोमीटरांत एका किलोमीटरचीही भर नको! बुडापेस्टचे सुवर्ण आणि रौप्य यांच्यामधील फरक गणिताच्या भाषेत एवढाच होता.

स्त्रियांच्या भाल्याचे वजन निदान ६०० ग्रॅम असावे लागते. २५ मीटर वेगाने निघालेल्या अशा भाल्याची गतिज ऊर्जा सुमारे १८८ ज्यूल भरते. एकोणीस किलोग्रॅमचे ओझे एक मीटर उचलण्यास लागते तेवढीच ही ऊर्जा. धान्याचे पोते उचलणाऱ्या हमालास तिचे काहीच वाटणार नाही. अडचण आहे ती वेळेची. यातील बहुतेक ऊर्जा भाल्यास सेकंदाच्या जेमतेम दहाव्या-सातव्या हिश्शात द्यावयाची असते.

मग खेळाडू एवढे धावत का येते? समजा, तिच्या धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे. भाल्याच्या अंतिम वेगाचा तो सुमारे चौथा भाग झाला. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे धावण्यातून भाल्यास थेट मिळणारी ऊर्जा सोळाव्या-सतराव्या हिश्शाहून अधिक नसते. धावण्याचा खरा उपयोग निराळाच आहे. ७० किलोग्रॅम वजनाचे शरीर त्या वेगाने येते तेव्हा त्याच्या ठायी १२६० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे भाल्यास हवी त्याच्या सहापटीहून जास्त. उजव्या हाताने फेकणारी खेळाडू शेवटच्या पावलास डावा पाय ताठ रोवते. भरधाव गाडी एकाएकी थांबली असता आतील मनुष्य पुढे फेकला जातो, तद्वत पाय अडला तरी धड पुढे झेपावते. कंबर, खांदा, कोपर, मनगट अशा क्रमाने ही गती आसुडाच्या मुठीकडून टोकाकडे जावी तशी चढत जाते. डावा गुडघा किंचित वाकला तरी ऊर्जेचा मोठा भाग तेथेच वाया जातो.

या क्षणिक श्रमांनी स्नायूंतील ऊर्जेचा तात्कालिक साठा उणावतो खरा, पण दोन फेकींमधील काही मिनिटांत तो बहुतांशी भरून येतो. सहावी फेक सर्वांत लांब जाऊ शकते, यात म्हणूनच शरीरशास्त्रास नवल वाटत नाही.

आता भाल्याकडे वळू. हेलसिंकीचे आकडे बुडापेस्टच्या आकड्यांहून मोठे आहेत. परंतु त्यावरून आधीच्या पिढीतील स्त्रिया अधिक बलवान होत्या असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण भालाच बदलला आहे. उडत्या भाल्यावर हवेचा दाब ज्या बिंदूशी एकवटल्यासारखा वाटतो त्यास दाबकेंद्र म्हणतात. जुन्या भाल्यात हे केंद्र आणि गुरुत्वमध्य परस्परांच्या फार निकट असत. त्यामुळे भाला तरंगत जाई आणि पुष्कळदा आडवाच उतरे. टोक प्रथम जमिनीस लागले की नाही हे ठरविताना पंचांची मोठी पंचाईत होई, आणि टोक आधी न लागल्यास फेक बाद! वर्षांची मेहनत अशा रीतीने पंचाच्या दृष्टीवर अवलंबून राही. पुरुषांची फेक तर १९८४ साली १०४.८० मीटरांपर्यंत पोहोचली व मैदान अपुरे पडण्याचे भय निर्माण झाले. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या आणि १९९९ पासून स्त्रियांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य काही सेंटिमीटर पुढे सरकविण्यात आला. तेरा वर्षे स्त्रियांना थांबावे लागले, कारण त्यांच्या फेकीने प्रेक्षकांस धोका नव्हता. पंचांची पंचाईत मात्र त्या गटातही तशीच होती.

नव्या भाल्यात दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे पडते. हवेची उचल भाल्याच्या मागील अंगास वर ढकलते, टोक खाली झुकते आणि जमिनीत रुतते. वाद मिटले, अंतर घटले. पूर्व जर्मनीच्या पेट्रा फेल्के हिने १९८८ साली जुन्या भाल्याने बरोबर ८०.०० मीटर गाठले होते. नव्या भाल्याच्या पहिल्याच वर्षी सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत ग्रीसच्या मिरेला मान्यानी हिला ६७.०९ मीटर पुरले, आणि तोच नवा विक्रम ठरला. चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोताकोवा हिने २००८ साली तो ७२.२८ मीटरांवर नेला.

पाठ्यपुस्तकात प्रक्षेपकोन ४५ अंश सांगितलेला असतो. तो निर्वात जागेतील, जमिनीच्या पातळीवरून सुटणाऱ्या वस्तूचा. भाला डोक्याहून उंचावरून सुटतो, हवेचा आधार घेतो, आणि मुख्य म्हणजे मानवी बाहू जितका उभा फेकावा तितका कमी वेग देऊ शकतो. यास्तव चांगल्या फेकींचा कोन सामान्यतः ३५ अंशांच्या आसपास आढळतो. भाल्याचे टोक त्याच्या मार्गाहून फार वर उचलले गेले तर हवेचा रोध वाढून वेगाची सारी कमाई बुडते.

कितागुची बालपणी पोहणे व बॅडमिंटन खेळत असे. पुढे ती चेक प्रशिक्षकाकडे शिकण्यास थेट त्या देशात जाऊन राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक स्पर्धेत तिने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी ६५.८० मीटरांची तिची विजयी फेक पहिलीच होती.