कारवी

सवला येणारी माणसे गरम पाण्याचे झरे पाहून परत जातात. महाड-पोलादपूरच्या उतारांवरची कारवी पाहायला कोणी येत नाही. आले तरी बहुतेक वर्षी नुसती खरखरीत हिरवी पानेच दिसायची.

सह्याद्रीतले हे झुडूप. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. सात वर्षे ते केवळ वाढते आणि आठव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, अख्खा उतार जांभळा करून टाकते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ साली फुलली, नंतर २०१६ साली. मधमाश्यांची चंगळ होते, बी धरते आणि झाड वाळून मरते. सुकी बोंडे पुढच्या पावसात तडतडत फुटून बी उडवतात.

ग्रंथांत एवढे मिळते. आमच्या घरी मात्र कारवी म्हणजे फूल नव्हे, भिंत! तिच्या सरळ काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती लिंपली, की झाला कूड. आजीने जन्मभर असे कूड लिंपले. घरात कॉलेजचे पुस्तक आणणारी मी पहिलीच. पण फुलण्याआधी तोडलेली काठी बी देत नाही, हे मला तिने सांगितले, पुस्तकाने नव्हे. आजीला साल आठवत नाही. ‘धाकटीच्या लग्नाआधीची कारवी’ अशी तिची मोजणी.

प्रत्येक डोंगराचे फुलण्याचे साल एकच असते असे नाही. म्हणून माझ्या वाचक मित्रमैत्रिणींना विनंती, की आपापल्या गावची कारवी केव्हा फुलली ते वडीलधाऱ्यांना याच सुट्टीत विचारून वहीत उतरवून घ्यावे. लग्ने, बारशी यांवरून साल काढता येते. मी दोन काढली आहेत.