तान्ह्या पोळ्याच्या पोस्टरबद्दल, भाचीला

नालवाडी, वर्धा

चि. मैथिली हिस,


तू पाठवलेली पोस्टरची चित्रं मिळाली. मोबाइलवर समाधान होईना म्हणून दुकानात मोठ्या कागदावर प्रिंट काढले, छपाईच्या टेबलासमोर भिंतीला लावले आणि काम करता करता पाहत राहिलो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद झाला. तो सायकेडेलिक शैलीत करायचं ठरवलंस, हेही पटलं. ताईला ती चित्रं डोळ्यांना त्रास देणारी वाटली. माझं मत वेगळं आहे. डोळ्याला धरून ठेवणं, त्याला सहजासहजी सुटू न देणं, हेच त्या शैलीचं काम आहे आणि तुझा हात त्या दिशेनं नक्की चाललाय.

पण पोस्टरवर नंदी कुठे आहे ते मला शोधावं लागलं. मशरूम आहेत, कपाळावरचा डोळा आहे, वितळणारा चंद्र आहे. गेल्या दिवाळीत हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून तू जे चमकतं कापड आणलंस, त्यावरही हेच सगळं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी गोव्याच्या त्या किनाऱ्यावर आले, पुढे तिथलं संगीत बदलत गेलं, आणि अतिनील प्रकाशात उजळणारे फ्लुरोसंट रंगांचे पडदे रात्रीच्या नाचाची सजावट झाले. ज्यांनी ते पहिल्यांदा रंगवले त्यांनी मन लावून रंगवले असतील. आज तोच डोळा आणि तेच मशरूम कापडावर, टी-शर्टवर, उशीच्या अभ्र्यावर छापून विकायला असतात. तू शैली उचललीस असं तुला वाटतंय. खरं तर तू फक्त त्या बाजारातली चिन्हं उचललीस. शैली त्यांच्या मागे आहे, आणि ती शिकण्यासारखी आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत १९६६-६७ मध्ये फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन या सभागृहांतल्या संगीताच्या कार्यक्रमांसाठी या शैलीची पोस्टरं निघाली. ती करणाऱ्यांतला वेस विल्सन छापखान्यात काम करत होता. त्याची ती फुगलेली, ज्वाळेसारखी वळणारी अक्षरं कुठल्या धुंदीत सुचली नव्हती. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरनं १९०२-०३ च्या सुमारास प्रदर्शनाच्या पोस्टरांसाठी जी ठोकळेबाज अक्षरं काढली, ती एका कॅटलॉगमध्ये त्याच्या नजरेस पडली आणि त्यानं ती गिरवली, ताणली, वाकवली. दुसरा व्हिक्टर मॉस्कोसो. हा तर येल विद्यापीठात योसेफ आल्बर्स यांच्या हाताखाली रंग शिकलेला. कोणते दोन रंग शेजारी ठेवले की डोळ्यांना झोंबतात, ते टाळायचे कसे, हे तो वर्गात शिकला. सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं तेच नियम उलटे फिरवले. लांबून झटकन वाचता यावं, हा पोस्टरचा पहिला धडा. त्यानं माणूस जवळ येऊन उभा राहील आणि उलगडत बसेल असं पोस्टर केलं. नियम उलटा करायला आधी तो हातात बसलेला असावा लागतो. तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या रंगचक्राच्या पाट्या तुला कंटाळवाण्या वाटल्या होत्या. त्या आता पुन्हा बाहेर काढ.

तुझ्या दुसऱ्या चित्रात नंदीमागे लाल आणि हिरवा आहे, तरी कडा थरथरत नाही. कारण सांगतो. तुझा लाल गडद आहे आणि हिरवा पोपटी, उजळ. डोळा उजेडातला फरक धरून कड पक्की करतो आणि शांत होतो. विरोधी रंग हवेतच, पण दोघांचा उजळपणा सारखा हवा. मग कुठला रंग पुढे आणि कुठला मागे, हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि कड हलायला लागते. यासाठी सोपी परीक्षा आहे. चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो कर. लाल-हिरव्यामधली सीमा पुसट होऊन जवळजवळ नाहीशी झाली, तर रंगात कड नाचेल. मी टेबलावर शाईत चिमूटचिमूट पांढरी मिसळत तो बिंदू शोधतो. तो आला की कागदाकडे बघताना जाणवतो, कोणी सांगावं लागत नाही. आणखी एक लक्षात ठेव. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा जळजळीत गुलाबी रंग साध्या चार रंगांच्या छपाईत येत नाही, तिथे तो मातकट होतो. तो हवाच असेल तर स्क्रीन प्रिंटिंगची फ्लुरोसंट शाई घ्यावी लागेल. म्हणून रंग पडद्यावर ठरवू नकोस, कागदावर ठरव.

आणि हे सगळं आपल्या बैलाच्या अंगावर आधीपासून आहे, मैथिली. पोळ्याच्या दिवशी लाल रंगवलेल्या शिंगावर हिरव्या बेगडाची पट्टी गुंडाळतात, तिची कड उन्हात कशी थरथरते ते आठव. झुलीवरचे आरसे, मठाठी, चवर, घुंगरमाळा. दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी ओढत निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशी, मागतात. सिंदीला तर मोठमोठे नंदी सजून रांगेनं उभे राहतात. त्या रांगेत उभं राहिलं की रंग एकावर एक आदळतात. मशरूमची गरजच काय?

अक्षरांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. तू रोमन लिपीचा एक वितळणारा फाँट घेऊन त्याच्या वळणावर 'तान्हा पोळा' बसवलंस. रोमन मोठी अक्षरं एका उंचीची, सुटी असतात, म्हणून विल्सनला ती फुगवून चौकटीत ठासून भरता आली. मधली पोकळी केसाएवढी उरली तरी अक्षर ओळखू येतं. देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार. घ आणि ध, म आणि भ यांतला फरक बराचसा शिरोरेषा कुठे तुटते यावर उभा आहे. शिरोरेषा वितळवलीस तर 'धन' वाचणारा 'घन' वाचेल. तेव्हा शिरोरेषेला वाकव, नाचव, पण ती जिथे तुटते ती जागा जप.

त्याऐवजी 'पोळा'तल्या ळ कडे बघ. दोन वाटोळी वळणं, नंदीच्या दोन डोळ्यांसारखी शेजारी बसलेली. अख्खं पोस्टर या एका अक्षरातून उलगडत जाऊ शकतं. आणि मोडी शीक. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढत आणि मग हात फार न उचलता अक्षरं तिला लटकवत जात. त्या लिपीत जी लय आहे ती तुला कुठल्याही फाँटमध्ये विकत मिळणार नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी नावं रेखाटली, ती जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत शोध. नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच उतरवणारा तो हात होता. र. कृ. जोशींचं काम तर तुला अभ्यासाला असेलच.

पत्रात तू लिहिलंस की होस्टेलवर काही मुलं म्हणतात, 'ट्रिप' केल्याशिवाय हे आतून येत नाही. तू मला हे मोकळेपणानं लिहिलंस, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. हे खोटं आहे. 'यलो सबमरीन' या १९६८ च्या बीटल्सच्या चित्रपटाचं दृश्यरूप हाइन्झ एडेलमान यांचं, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की असल्या अनुभवाची माहिती त्यांना केवळ ऐकीव होती. मॉस्कोसोची थरथरणारी कड आल्बर्सच्या वर्गातून आली, हे वर लिहिलंच. एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या कागदाच्या तुकड्यांच्या गोष्टी तुझ्या कानावर येतात, त्यांत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्यांच्या घराण्यात मनाचा आजार आहे अशा तरुण मुलांना त्यातून कायमची इजा होऊ शकते. आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली एलएसडीची व्यापारी मात्रा ०.१ ग्रॅम धरली आहे. त्याहून जास्त सापडलं तर किमान दहा वर्षांची शिक्षा. यात मामा जुन्या वळणाचा आहे असं समजू नकोस. तुझा हात आणि तुझं डोकं यांच्याबद्दल मला काळजी आहे, म्हणून सांगतो: त्या मुलांच्या खोलीत बसू नकोस.

मनाची वेगळी अवस्था कामातूनही येते. आपल्याच नालवाडीत १९३२ पासून विनोबा राहिले. दिवसाचे तासन्‌तास सूत कातून त्या मजुरीवर जगता येतं का, हा प्रयोग त्यांनी इथे केला. त्यांना चित्रकलेशी काही देणंघेणं नव्हतं, पण एकाच हालचालीत मन किती खोल जातं याचा तो मोठा दाखला आहे. तू एकच वळण पानभर गिरवून बघ, माझं म्हणणं कळेल.

चित्रकाराचाच दाखला हवा असेल तर प्रभाकर बरवे वाच. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर त्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी धरली आणि १९६१ ते १९६५ बनारसला काढली. म्हणजे पोटासाठी कापडाचं डिझाइन. तिथे तांत्रिक यंत्रं, मंडलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तो काळही असा, की पाश्चात्त्य मुलं भारताची वाट धरायला लागली होती. बरव्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत तंत्राची चिन्हं सरळ दिसतात. पण ते तिथे थांबले नाहीत. पुढे चिन्हं गळाली आणि घड्याळ, पान, शिंपला, फळ अशा रोजच्या वस्तू एका फिकट, मोकळ्या अवकाशात तरंगायला लागल्या. त्या बघताना जे गूढ वाटतं ते कुठल्याही यंत्राहून खोल आहे, असं माझं मत. ते वर्षानुवर्षं वहीत टिपणं आणि रेखाटनं करत होते. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' तुझ्या ग्रंथालयात असेल. नसेल तर माझी प्रत घेऊन जा.

उसनवारीचा उलटा दाखलाही सांगतो. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' या रेकॉर्डचं मुखपृष्ठ म्हणजे आपल्या बाजारात मिळणारं विराटपुरुषाचं छापील चित्र, विष्णूच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे. चित्र देखणं आहे. पण हेंड्रिक्सला ते आपलं वाटलं नाही. आपल्या घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं रक्त आहे आणि मुखपृष्ठावर ते यायला हवं होतं, असं तो म्हणाला. चित्र करणाऱ्यांनी सुंदर वस्तू उचलली, पण ती ज्याच्यासाठी होती त्या माणसाला विचारलं नाही. तुझं पोस्टर सिंदीच्या लोकांसाठी आहे. नंदी घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या पोराला ते दाखव. त्याला आपला नंदी ओळखता आला तर पुढचं काम कर.

सुट्टीत इकडे ये तेव्हा मगन संग्रहालयातही जाऊन ये. गांधीजींनी १९३८ साली उघडलेलं ते संग्रहालय तू शाळेच्या सहलीत पाहिलं असशील, पण आता खादी आणि नैसर्गिक रंग बघायला जा. पळसाच्या फुलांचा पिवळा आणि मंजिष्ठेचा लाल शेजारी ठेवले तर काय होतं, ते तुझ्या कॉम्प्युटरवर दिसणार नाही.

पोळ्याच्या आधी आठवडाभर ये. फक्त दोन रंग ठरवून आण, मोठ्या कागदावर हातानं लिहिलेला 'तान्हा पोळा' आण, फाँट नको. स्क्रीन मी ताणून ठेवतो, शाई तू मिसळायची. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा