मांजर चावले तर

मांजर आडवे गेले, की आपण वाटेत थांबतो. तेच मांजर चावले, तर मात्र थांबत नाही. चिंधी बांधतो आणि शेतावर जातो. हे उलटेच झाले म्हणायचे!

पिसाळलेला कुत्रा मांजराला चावला, तर मांजरही पिसाळते. त्याच्या लाळेतून रोग आपल्या जखमेत शिरतो. पुढे तो मेंदूला पोचतो. मग पाणी बघितले तरी घसा आवळतो. तेव्हा औषध चालत नाही. माणूस हातचा जातो.

म्हणून जखम लगेच धुवायची. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, १५ मिनिटे. नळ नसेल तर कुणीतरी तांब्याने धार धरावी. वर हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. आता पोटात चौदा सुया टोचत नाहीत. सुई दंडाला असते. पण दिलेली एकही तारीख चुकवू नये.

मांजर ३ महिन्यांचे झाले, की त्यालाही जनावरांच्या दवाखान्यात लस टोचून घ्यावी. पुढे दर वर्षी.

आणि पोरे? ती ओरखडा लपवतात. आपण रागावू, ही त्यांना भीती. आम्ही म्हणतो, रागावू नका. जवळ घ्या, हातपाय बघा, विचारा.