सुट्टी झाली, आता गोळ्यांची पिशवी तपासा

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण दुखणे मोठे असले की इथली माणसे नागपूरच गाठतात. कुणी ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत, कुणी खासगी दवाखान्यात. सुट्टी होऊन आजी-आजोबा परततात ते गोळ्यांची पिशवी घेऊन. घरी बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्या असतातच. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहणारा डॉक्टर मात्र बहुधा भेटत नाही.

२०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलांचे जीव घेतले. तिथे औषधच दूषित होते. म्हाताऱ्या माणसाला मात्र अस्सल औषधही बाधू शकते.

याचे कारण वयात आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावते, औषध शरीरात जास्त वेळ राहते. स्नायू झिजलेले असले तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल दिसूनही मूत्रपिंड थकलेले असू शकते.

अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी केली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. त्यातली कितीतरी नावे आपल्या ओळखीची आहेत. डायझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते. सर्दीची क्लोरफेनिरामीन लघवी अडवते आणि भ्रम आणते. शुगरची ग्लिबेनक्लामाइड साखर इतकी उतरवते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. भरतीच्या काळात सुरू झालेली गॅसची गोळीही ठोस कारणाशिवाय ८ आठवड्यांपुढे चालू ठेवू नये.

कधी एक गोळी दुसरीला बोलावते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपीनने पाय सुजतात. सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते. मग रात्री उठता उठता आजोबा मोरीपाशी पडतात. त्यावर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक सुरू झाले की मूत्रपिंडावर आणखी ताण येतो. मे महिन्याच्या उन्हात अंगातले पाणी कमी झाले असेल, तर धोका जास्तच.

भरती असताना किंवा सुट्टीनंतर आठवड्याभरात वृद्ध माणूस एकाएकी बरळू लागला, सारखा झोपून राहिला किंवा पडला, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आधी गोळ्यांकडे पाहा.

सुट्टीच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा: नवी गोळी कशासाठी, किती दिवस? जुन्यांपैकी कोणती बंद? मूत्रपिंडाच्या तपासणीनुसार डोस ठरवला आहे का? उत्तरे सुट्टीच्या कार्डावर लिहून घ्या. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, चूर्ण, काढेही सांगा; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हे वाचून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. झोपेची, फिटची, स्टेरॉइडची किंवा हृदयाची गोळी एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि जवळच्या डॉक्टरांपुढे ठेवा. दर सहा महिन्यांनी हे करा.